सेफ्टी गॉगल घेताना होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री असो, पुण्याजवळच्या भोसरीतलं फॅब्रिकेशनचं शेड असो, नाहीतर तालुक्याच्या रस्त्याकडेचं गेट-ग्रिलचं दुकान. गॉगल बहुतेक ठिकाणी असतो, पण खिळ्याला टांगलेला. "आमची पोरं घालतच नाहीत," असं मालक सांगतात आणि विषय संपतो. मला हे पटत नाही. पोरं घालत नाहीत, कारण तो गॉगल त्यांच्या कामासाठी निवडलेलाच नसतो. हार्डवेअरच्या दुकानातून डझनाच्या भावात एक नमुना येतो आणि ग्राइंडरवाल्यापासून ॲसिडच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या मुलापर्यंत सगळ्यांना तोच मिळतो.

किंमत बघून घेणं, खुणा न बघणं

आधी विचारायचा प्रश्न एकच: या माणसाच्या डोळ्याकडे काय येणार आहे? उडणारा कण, बारीक धूळ, द्रवाचा शिंतोडा, वितळलेला धातू की झगझगीत प्रकाश? त्यानुसार गॉगल बदलतो आणि चांगल्या गॉगलवर तसं छापलेलंही असतं. भारतीय मानक आयएस ५९८३ आहे. युरोपीय ईएन १६६ च्या मालावर ३ हा आकडा शिंतोड्यांसाठी, ४ जाड धुळीसाठी, ५ वायू आणि अतिबारीक धुळीसाठी, तर ९ वितळलेल्या धातूसाठी असतो. अमेरिकी मालावर 'झेड ८७' असतं आणि त्यापुढे अधिकची (+) खूण असली तर तो जोरदार आघातासाठी तपासलेला असतो. काचेवर आणि काडीवर काहीच छापलेलं नसेल, तर तो गॉगल दिसायला कितीही मजबूत असला तरी घेऊ नका.

ग्राइंडरला साधा चष्म्यासारखा गॉगल

इथे जरा हिशेब करू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो. ईएन १६६ मध्ये चष्म्याच्या आकाराच्या गॉगलला जास्तीत जास्त 'एफ' दर्जा मिळतो आणि त्याची चाचणी ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून होते. डोळ्याभोवती पूर्ण बसणाऱ्या बंद गॉगलला 'बी' दर्जा मिळू शकतो, त्याची चाचणी १२० मीटरला होते. नेहमीच्या ठिणगीचं वजन नगण्य असतं, ती 'एफ' दर्जाची काच सहज अडवते. पण कटिंग व्हील फुटलं तर त्याचा तुकडा वजनदार असतो. म्हणून ग्राइंडिंग, कटिंग आणि फेटलिंगला (ओतीव जॉबवरचा जास्तीचा धातू काढून साफ करण्याला) 'बी' दर्जाचा बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, म्हणजे पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल, हवं. नुसतं फेसशील्ड पुरत नाही, कारण ठिणग्या हनुवटीखालून आणि बाजूने आत शिरतात.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते: शेजारी. ग्राइंडर चालवणारा गॉगल लावतो, पण जॉब, म्हणजे घासायची वस्तू, धरून बसलेला हेल्पर उघड्या डोळ्यांनी असतो.

काळी काच दिसली की वेल्डिंग चालेल असं समजणं

काळ्या काचेवर शेड नंबर, म्हणजे काच किती गडद आहे ते सांगणारा आकडा, असतो. तो वाचायची सवय फार कमी दुकानांत आहे. गॅस कटिंगला, साधारण इंचभर जाडीपर्यंत, ३ किंवा ४ नंबर पुरतो. आर्क वेल्डिंगला १६० अँपियरपर्यंत १० नंबर आणि त्यापुढे २५० पर्यंत १२ नंबर असा ढोबळ हिशेब ठेवा. गॅस कटिंगचा गॉगल लावून आर्क मारणं म्हणजे डोळे धोक्यात घालणंच आहे. उलट गॅस कटिंगला १० नंबर दिला तर रेषच दिसत नाही आणि माणूस तो काढून काम करतो. उन्हाचा फॅशनेबल गॉगल तर दोन्हींना निरुपयोगी.

वेल्डिंगचा छोटा टाका मारताना 'एकच तर आहे' म्हणून डोळे मिटून किंवा मान वळवून काम उरकतात. आर्कची अतिनील किरणं त्या क्षणी काहीच जाणवू देत नाहीत. त्रास बहुधा ६ ते १२ तासांनी, म्हणजे ऐन रात्री सुरू होतो: वाळू गेल्यासारखं खुपणं, पाणी वाहणं, उजेड न सोसणं. आणि वेल्डिंग झाल्यावर स्क्रीन, म्हणजे तोंडासमोर धरायची काळ्या काचेची ढाल, बाजूला ठेवून चिपिंग हातोडीने स्लॅग (वेल्डवर जमलेला कडक थर) झाडताना तो थेट डोळ्यात उडतो. म्हणून स्क्रीनच्या आत पारदर्शक सेफ्टी गॉगल लावलेलाच असावा.

रसायनाला भोकांचा गॉगल

ज्या गॉगलच्या कडेला सरळ भोकं असतात, तो कणांसाठी ठीक आहे. ॲसिड, कॉस्टिक, चुना किंवा सिमेंटच्या कामात त्याच भोकांतून थेंब आत जातो. तिथे आडवळणाने हवा खेळवणारा बंद गॉगल लागतो. चुन्याला आपण सौम्य समजतो, ही मोठी चूक आहे. अल्कली, म्हणजे चुना-कॉस्टिकसारखा क्षार, डोळ्यात गेल्यावर पेशी विरघळवत खोलवर जाते, त्यामुळे चुना किंवा कॉस्टिकची इजा बऱ्याचदा ॲसिडपेक्षा वाईट ठरते. भिंतीला चुना मारणाऱ्या गड्यालाही गॉगल द्या.

लेसरला कुठलाही रंगीत चष्मा

छोट्या युनिटमध्येही आता फायबर लेसरचं मार्किंग मशीन आलं आहे, हातात धरून वेल्डिंग करायचं लेसरही आलं आहे. त्याची तरंगलांबी साधारण १०६४ ते १०८० नॅनोमीटर असते. हा झोत डोळ्याला दिसत नाही, पापणी मिटत नाही आणि तो थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एकवटतो. पडद्याची ती इजा भरून येत नाही. साधी पॉलिकार्बोनेट (मजबूत प्लास्टिकची) काच किंवा नेहमीचं वेल्डिंग हेल्मेट इथे भरवशाचं नाही. चष्म्यावर तुमच्या मशीनचीच तरंगलांबी आणि ओडी, म्हणजे किरण अडवण्याची क्षमता, छापलेली असली पाहिजे. मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ओडीपेक्षा कमी चालणार नाही.

नंबरचा चष्मा आहे, मग गॉगल कशाला?

नंबरचा साधा चष्मा आघातासाठी बनवलेला नसतो. काचेचा असेल तर फुटून तुकडे डोळ्यातच जातात. त्यावर बसणारा मोठा गॉगल घ्या, किंवा रोजचं काम असेल तर नंबरचाच सेफ्टी चष्मा करून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही म्हणून अनेक फिटर गॉगल कपाळावर सरकवतात. त्यांना दमदाटी नको, नंबर तपासून द्या.

गॉगल घालवत नाही, तेव्हा काय बघायचं?

वाफ धरत असेल तर अँटी-फॉग काच आणि हवा खेळणारी रचना बघा. पावसाळ्यात आणि भट्टीजवळ साधी काच टिकतच नाही. मास्कची वरची कड सैल असेल तर श्वास थेट काचेवर जातो, तिथली पट्टी नाकावर दाबून बसवा. कानामागे दुखत असेल तर काडी कमी-जास्त करता येणारा नमुना आणा. कपाळ किंवा गालापाशी बोट शिरेल इतकी फट राहत असेल, तर तो साइज त्या चेहऱ्याचा नाही.

अंधुक दिसत असेल तर बहुतेक वेळा दोष पुसण्याचा असतो. कोरड्या कापडाने पुसलं की काचेवरची धूळच ओरखडे पाडते. थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि तिची ताकदही कमी होते. आधी पाण्याने धुवा, साबणाचा एखादा थेंब लावा, मऊ कापडाने टिपा. ओरखड्यांमुळे काम नीट दिसत नसेल किंवा तडा गेला असेल, तर तो फेकून द्या.

तरीही डोळ्यात काही गेलंच तर

रसायन असेल तर जागच्या जागी स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि मगच दवाखान्याकडे निघा. लोखंडाचा कण काडेपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढणारा 'जाणकार' प्रत्येक शेडमध्ये असतो. त्याच्या हातून बुबुळाला जखम होते, त्यात जंतू किंवा बुरशी गेली की फूल पडतं आणि नजर जाते. दुखणं थांबवणारे बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालू नका. त्यांनी बुबुळाची जखम भरायची थांबते.

छिन्नीवर हातोडी मारताना उडालेला कण सगळ्यात फसवा. तो बारीक भोक पाडून डोळ्याच्या आत जातो आणि कधीकधी फारसं दुखतही नाही. अशा वेळी डोळा चोळू नका, दाबू नका, धुवत बसू नका. वर कडक वाटी किंवा कागदी कपाचा तळ सैल बांधून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. "लोखंडावर लोखंड मारताना लागलं" हे त्यांना स्पष्ट सांगा, कारण आत लोखंडाचा कण असण्याची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात.