चाळिशीनंतर सीएमए: स्लो लोकलमधला अभ्यास

आधी सीए की सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) ते ठरवा. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षं पूर्णवेळ. घराचा हप्ता चालू असताना ४३व्या वर्षी फोर्टमधली नोकरी सोडणं मला झेपणारं नव्हतं. सीएमएत पदवीधराला थेट इंटरमीडिएटला, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, बसता येतं.

दोन ग्रुप, प्रत्येकी चार पेपर. एका वेळी एकच घ्या. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के लागतात. मी चारही पेपरांत चाळिशी ओलांडून नापास झाले: १९१, हवे होते २००! म्हणून एक सोपा विषय साठ-पासष्टपर्यंत न्याच.

थिअरी गाडीत. बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडा. उशीर होतो, पण बसायला मिळतं. गणितं मात्र पहाटे, कागदावर. व्हेरियन्स (धरलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक) डोक्यात शिरेना तेव्हा मी भाजीचा हिशेब मांडला: कांदा ३० रुपये धरला, ४० ला मिळाला, ५ किलो घेतला, प्राइस व्हेरियन्स ५० रुपये, प्रतिकूल. (सासूबाई म्हणाल्या, "घासाघीस करायचीस ना!")

परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असते. मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत कचेरीत बसणाऱ्यांनी पहिला ग्रुप डिसेंबरलाच द्यावा.