पाणी घातलं की लगेच ताटलीत? माती बदला, पण वरचीच
मनी प्लांटला पाणी घातलं आणि मिनिटभरात ते सगळं खालच्या ताटलीत उतरलं, तर माती भिजली असं समजू नका. जुनी माती घट्ट होऊन आक्रसते, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी तिथूनच निसटतं. मधला गोळा कोरडाच राहतो.

अशा वेळी झाड उपटायची गरज नसते. आदल्या दिवशी थोडं पाणी घालून माती मऊ करा. मग स्वयंपाकघरातला जुना काटा घेऊन वरचा दीड-दोन इंचांचा थर हलक्या हाताने उकरून काढा. पांढरी खरपुडी दिसली तर ती बोअरच्या पाण्यातल्या किंवा खतातल्या क्षारांची. ती टाकूनच द्या. बारीक मुळं थोडी तुटली तरी चालतं, जाड मूळ लागलं की थांबा. कडेच्या फटीत काटा उभा खुपसून माती सैल करा.

आता एक भाग गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि दोन भाग साधी माती एकत्र करून भरा. कोकोपीटची वीट आधी दोन पाण्यांतून काढा, काहींत मीठ असतं. वर इंचभर जागा सोडा, नाहीतर पाणी घालताना माती फरशीवर (आणि बोलणी आपल्याला).

पावसाळ्याच्या सुरुवातीला हे केलेलं उत्तम. तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावत असतील तर मात्र मोठी कुंडीच आणा.