या चुका टाळा: पॅसिव्ह व्हॉइसमध्ये गळणारे 'बी', 'ॲट' आणि 'ऑन'

'द लेटर मस्ट सेंट टुडे.' हे वाक्य कानाला जवळजवळ बरोबर वाटतं, म्हणूनच नजरेतून सुटतं. 'मस्ट' आहे, 'सेंट' हे क्रियापदाचं तिसरं रूप आहे, मधला 'बी' मात्र गळलाय. कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट, विल, वुड यांपैकी काहीही आलं, की पुढे 'बी' आणि मग तिसरं रूप: 'मस्ट बी सेंट'. इथे 'इज' किंवा 'वॉज' चालत नाही. 'मस्ट टू बी' हेही चूकच. 'टू' लागतो तो 'हॅज टू बी सेंट' किंवा 'ऑट टू बी सेंट' यांत.

'सेंड'चं दुसरं आणि तिसरं रूप सारखंच, त्यामुळे तिथे चूक झाकली जाते. 'राइट', 'ब्रेक', 'टेक' आले की ती उघडी पडते: 'कॅन बी रोट' नाही, 'कॅन बी रिटन'.

'सांगायला हवं' आणि 'सांगायला हवं होतं' यांत मराठीत फरक एका 'होतं'चा. इंग्रजीत मात्र मधली अख्खी रचना बदलते: 'शी शुड बी टोल्ड' आणि 'शी शुड हॅव बीन टोल्ड'. म्हणून 'शुड बी टोल्ड यस्टरडे' लिहू नका.

'ॲन एरर मे बी हॅपन्ड' हेही वारंवार दिसतं. 'हॅपन' अकर्मक आहे. कर्मच नाही, तर कर्मणी प्रयोग होणार कसा? 'मे हॅव हॅपन्ड' म्हणा.

पण माझ्या मते खरी अडचण प्रिपोझिशनची आहे, आणि तिचं मूळ आपल्या 'ने'मध्ये आहे. 'मुलाने दोरी कापली', 'चाकूने दोरी कापली': कर्ता असो की साधन, तृतीयेचा प्रत्यय एकच. इंग्रजी दोघांना वेगळं ठेवते. करणाऱ्याला 'बाय', साधनाला 'विथ': 'द रोप वॉज कट बाय द बॉय विथ अ नाइफ.' शिकताना 'बाय' इतका घोकून घेतला जातो, की तो कुठेही चिकटतो. 'नोन बाय एव्हरीवन'पेक्षा 'नोन टू एव्हरीवन' सहज वाटतं. 'च्याशी लग्न' डोक्यात असल्यामुळे 'मॅरीड विथ' लिहिलं जातं. हवं 'मॅरीड टू'. एका ठिकाणी मात्र मराठी मदतीला येते: लाकडाचं टेबल 'मेड ऑफ वुड', लाकडापासून केलेला कागद 'मेड फ्रॉम वुड'.

सगळ्यात जास्त जपायचं ते क्रियापदाला आधीपासून जोडलेल्या प्रिपोझिशनला. 'एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम' याचं पॅसिव्ह 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन'. 'ॲट' आणि 'बाय' शेजारी दिसले, की काहीतरी चुकलंय असं वाटतं आणि 'ॲट' खोडला जातो. खोडू नका. 'लाफ ॲट' ही जोडी आहे, तिच्या पलीकडचा 'बाय' करणाऱ्याचा. शंका आली तर आधी ॲक्टिव्ह वाक्य मोठ्याने म्हणा आणि क्रियापदाला काय चिकटलंय ते ऐका. 'वी कॅननॉट रिलाय ऑन धिस रिपोर्ट' असं म्हटलंत, की 'ऑन' कानावर पडतो आणि पॅसिव्हमध्ये शेवटी उरतो: 'धिस रिपोर्ट कॅननॉट बी रिलाइड ऑन.' तसंच 'द चिल्ड्रन मस्ट बी लुक्ड आफ्टर'. वाक्य 'ऑन'वर किंवा 'आफ्टर'वर संपलं तरी ते पूर्ण असतं. पुढे 'बाय अस' किंवा 'बाय समवन' जोडायची गरज नाही.