नागपूरहून उत्तर ऑन्टारिओला जाताय? स्नोमोबिल घेताना आधी ट्रॅक बघा

दिवाळीला धरमपेठेत घरी आलो की कॅनडाला निघालेली मुलं भेटायला येतात. जॅकेट, बूट, घरभाडं विचारून झालं की सडबरी, थंडर बे या बाजूला जाणारे स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीच्या, विषयावर येतात. शौक जरूर करा, तिकडचा लांबलचक हिवाळा त्यानं सुसह्य होतो. पण सगळे इंजिन किती सीसीचं ते बघतात. माझं म्हणणं, आधी खालचा रबरी ट्रॅक, म्हणजे गाडी पुढे ढकलणारा फिरता पट्टा, बघा.

तुम्ही नवे आहात, तेव्हा चालवणार ते स्नोमोबिल क्लबांनी ग्रूमर (बर्फ सपाट करणारं यंत्र) फिरवून दाबलेल्या ट्रेलवरच. तिथे १५ इंच रुंदीचा, १२९ किंवा १३७ इंच लांबीचा ट्रॅक पुरतो. १२९चा वळणात चपळ. १३७चा उंचसखल ट्रेलवर कमी आदळतो, म्हणून नवख्याला मी तोच सांगतो. १५४ आणि त्यापुढचे डोंगरातल्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी असतात.

खरी फसगत होते लगच्या उंचीत, म्हणजे ट्रॅकवरच्या रबरी दातांच्या. ट्रेलला १ ते १.२५ इंच बस्स झाले. मधूनच ताज्या बर्फात उतरायचं असेल तर १.५. अडीच इंची लगचं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, भाऊ. काळ्या मातीत सरस चालणारे ट्रॅक्टरचे टायर वर्धा रोडवर पळवले तर झिजणारच, तसंच हे. कडक बर्फावर उंच लग वाकतात, झिजतात, तुटतातही, आणि इंजिनाची ताकद वाया जाते. शिवाय कडक ट्रेलवर बर्फाचा भुगा कमी उडतो. लिक्विड-कूल्ड इंजिन आणि ट्रॅकच्या आतल्या प्लॅस्टिकच्या स्लायडर पट्ट्या त्या भुग्यावरच थंड राहतात. म्हणून आइस स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून भुगा उडवणारे काटे, बसवून घ्याच.

बर्फ वितळून पुन्हा गोठला की वळणं काचेसारखी होतात. तिथे ब्रेक लागायला स्टड, म्हणजे ट्रॅकमध्ये बसवलेले धातूचे टोकदार खिळे, हवेत. आइस रिपरसारखे कारखान्यातूनच स्टड लावून आलेले ट्रॅक मिळतात. मात्र मागे स्टड लावले तर पुढच्या स्कीखाली (वळायला मदत करणाऱ्या घसरपट्ट्या) चांगले कार्बाइड, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या कडक धातूच्या धारा, हवेतच. नाहीतर हँडल वळवाल आणि मशीन सरळ जाईल. काही ट्रेलवर स्टडना बंदी असते, तेव्हा आधी स्थानिक क्लबला विचारा.

सेकंडहँड घेताना इंजिन बंद ठेवून मागचा भाग उचला आणि ट्रॅक हातानं पूर्ण फिरवून बघा. तुटलेले लग, कडेच्या चिरा, आतल्या फायबरग्लासच्या मोडलेल्या आडव्या काड्या दिसल्या तर नव्या ट्रॅकचा खर्च धरूनच भाव करा.

ओएफएससी, म्हणजे ऑन्टारिओतल्या स्नोमोबिल क्लबांच्या महासंघाच्या, ट्रेलचं परमिट मोसमाआधी घ्या, स्वस्त पडतं. वेगमर्यादा ताशी ५० किमी आहे, ती पाळा. नवा ट्रॅक सुरुवातीला थोडा ताणतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर मॅन्युअलप्रमाणे त्याचा ताण पुन्हा तपासून घ्या.