छताचे दिवे घेताना या चुका टाळा (आणि पहिली चूक पंख्याशेजारी करू नका)

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की लोक पहिल्याच रविवारी दुकान गाठतात. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. तिथे डोक्यावर शंभरेक दिवे एकाच वेळी पेटलेले असतात. त्यातला एक आवडतो, सहा नग बांधून घेतले जातात आणि मग मला फोन येतो, "हे कुठे लावायचे?" प्रश्नाचा क्रमच उलटा आहे. खोलीत पंखा कुठे आहे, स्लॅब किती उंच आहे, माणूस उभा कुठे राहतो, बसतो कुठे, हे आधी बघायचं. दिवा सगळ्यात शेवटी.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली, आणि अजूनही दर दिवाळीआधी दिसणारी चूक म्हणजे पंख्याच्या पात्यांच्या वर लावलेले दिवे. आपल्याकडे हॉलच्या मधोमध फॅन बॉक्स असतोच. पीओपीवाला त्याच्याभोवती छान चौकोन आखतो, चार कोपऱ्यांत चार भोकं पाडतो, फोटोत ते सुरेख दिसतं. फोटोत पंखा फिरत नसतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सिंहगड रोडच्या एका घरातून मार्च महिन्यात बोलावणं आलं. गृहप्रवेश डिसेंबरात झालेला. तक्रार अशी की हॉलमधले दिवे आता फडफडायला लागलेत, घरातल्या काकांना पेपर वाचताना डोकं धरून बसावं लागतं. मी जायच्या आधी त्यांच्या इलेक्ट्रिशियनने चारही दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे छोटे डबे, बदलले होते. फरक पडला नाही म्हणून दिवेच बदलले. तरीही तेच. मग त्याने व्होल्टेजवर बिल फाडलं आणि स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलं. स्टॅबिलायझरची ऑर्डर जाणार तेवढ्यात मी पोचलो आणि पंखा बंद केला. काकू म्हणाल्या, "अहो, दिव्यांचं बघताय ना? पंखा कशाला बंद करताय, उकडतंय." पाती थांबली आणि फडफडही थांबली. दिवे पहिल्या दिवसापासून तसेच होते. थंडीत पंखा लावला नव्हता, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी कुणाला कळलं नाही एवढंच.

यात भुताटकी काही नाही. साधा घरगुती पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. फुल स्पीडला तो मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेऱ्या मारतो. तीन पाती धरली तर वरून येणारा प्रकाश सेकंदाला सतरा-अठरा वेळा कापला जातो. पंखा हळू केला तर आणखी वाईट, कारण तेव्हा सावल्या डोळ्याला वेगवेगळ्या दिसायला लागतात. त्या घरात टीव्हीमागच्या पांढऱ्या भिंतीवर सावलीचे पट्टे गरगरताना स्पष्ट दिसत होते. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण सगळे वर दिव्याकडे बघत होते.

दुरुस्ती काय? चारही भोकं जिप्समचे तुकडे बसवून बुजवली, दिवे भिंतीकडे सरकवले. बुजवलेल्या जागेचे ठिगळ दिसतात, म्हणून अख्खं छत पुन्हा रंगवावं लागलं. नव्या घराला तीन महिन्यांत पुन्हा मचाण. एका दुपारच्या मोजमापाने वाचला असता तो खर्च.

माझी सवय सांगतो. पीओपीवाल्याला बोलवायच्या आधी मी जमिनीवर खडूने पंख्याचा गोल काढतो. दोन फुटांची दोरी घेऊन, फॅन बॉक्सच्या बरोबर खाली. त्या गोलाच्या आत एकही दिवा नाही, आणि गोलाबाहेरही निदान फूटभर जागा मोकळी. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीपासून दीड-दोन फुटांवर दिवे घेतले की गणित आपोआप बसतं. पसरट प्रकाशाचे पॅनेल असतील तर जितके भिंतीकडे सरकतील तितकं चांगलं, कारण त्यांचा प्रकाश आडवाही जातो आणि पाती तोही कापतात. ज्यांना हे सगळं कटकटीचं वाटतं त्यांनी भिंतीवर ट्यूब लावावी. खरंच सांगतो, भिंतीवरची २० वॉटची एलईडी पट्टी पंख्याशी कधीच भांडत नाही.

पंख्यावरून आठवलं, उंची. आपल्या बहुतेक इमारतींत फरशीपासून स्लॅब साडेनऊ फुटांच्या आतच असतो. त्यात फॉल्स सीलिंगने सहा-आठ इंच खाल्ले की पंखा खाली येतो. मग लोक पंख्याचा रॉड कापतात, पाती छताला चिकटतात आणि हवा लागत नाही म्हणून पंख्याच्या कंपनीला शिव्या. आठ फुटांच्या खाली पातं येऊ देऊ नका आणि छत व पातं यांत फूटभर अंतर ठेवा. दोन्ही जमत नसेल तर मधल्या भागात फॉल्स सीलिंग करूच नका. कडेने पट्टा करा, मधे स्लॅब उघडा राहू द्या. वाईट दिसत नाही.

झुंबराचा हट्ट याच कारणाने सोडावा. नऊ फुटांच्या हॉलमध्ये झुंबर म्हणजे उंच पाहुण्यांच्या कपाळमोक्षाची सोय. डायनिंग टेबलावर लटकता दिवा चालतो, कारण तिथून कुणी चालत जात नाही. टेबलाच्या पृष्ठभागापासून अडीच ते पावणेतीन फूट वर त्याची खालची कड ठेवायची. मात्र टेबल कुठे येणार हे नक्की झाल्याशिवाय पॉइंट काढू नका. दिवा एकीकडे आणि टेबल दुसरीकडे, अशी घरं मी मोजायची सोडून दिली आहेत. आणि वजनदार काहीही जिप्सम बोर्डाला लटकवू नका. बोर्ड असतो साडेबारा मिलिमीटर जाडीचा. भार स्लॅबवरच गेला पाहिजे, हुकाला किंवा अँकर फास्टनरला.

आता स्वयंपाकघर. मधोमध एक झकास पॅनेल लावलेलं असतं आणि बाई ओट्यापाशी उभी राहिली की तिची स्वतःचीच सावली विळीवर. प्रकाश पाठीमागून येतोय, दुसरं काय होणार? ओट्याच्या वरच्या कपाटांखाली प्रोफाइल पट्टी, म्हणजे धातूच्या खाचेत बसवलेली एलईडी पट्टी, लावा, तीही कपाटाच्या पुढच्या कडेला, भिंतीलगत नाही. वायर कपाटं बसवायच्या आधीच ओढून ठेवा. नंतर ओट्यावरून पांढरी केसिंग पट्टी फिरवतात ती बघवत नाही. फोडणीच्या तेलकट वाफेत खालून उघडी स्ट्रिप वर्षभरात पिवळी पडते, म्हणून झाकण असलेलीच घ्यावी.

प्रकाशाच्या रंगाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दुकानदार न विचारता ६५०० केल्विन (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप), म्हणजे पांढरा-निळसर कूल डे लाइट, हातात देतो, कारण तोच सगळ्यात जास्त खपतो आणि दुकानात तोच सगळ्यात उजळ वाटतो. मग बेडरूमला बँकेच्या काउंटरची कळा येते. बेडरूमला पिवळसर ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या खोलीला मधला ४०००, हॉलला दोन्हींपैकी एक, पण हॉलमध्ये दोन रंगांचे दिवे मिसळू नका. पिवळ्या प्रकाशात कमी दिसतं ही समजूत जुन्या ६० वॉटच्या बल्बची आहे. रंगाचा आणि उजेडाच्या प्रमाणाचा संबंध नाही, त्यासाठी खोक्यावरचे लुमेन वाचा. चौरस फुटाला पंधरा लुमेन धरले तर १२० चौरस फुटांच्या खोलीला १८०० लागतात, म्हणजे बरा एलईडी असेल तर २० वॉटच्या आसपास. गडद रंगाच्या भिंती असतील तर आणखी थोडे वाढवा. शिवाय सीआरआय, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या खाली असेल तर तो दिवा घेऊच नका. आरशासमोर आणि साड्यांच्या कपाटापाशी ९० असेल तर उत्तम. मोरपंखी साडी काळसर दिसते ती कमी सीआरआयमुळे.

बाथरूमसाठी बंद पॅकचा, आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून वरचा दिवा. आणि तो माळ्याच्या वर न जाता माळ्याच्या खाली यावा. हे सांगावं लागतं हे दुर्दैव आहे, पण लागतं.

बेडच्या बरोबर वर सीओबी स्पॉट, म्हणजे एकवटलेला झोत टाकणारा छोटा एलईडी, नको. आडवं पडल्यावर थेट डोळ्यात.

अख्ख्या हॉलचे बारा दिवे एका बटणावर नको. निदान तीन भाग करा.

वाटीच्या आकाराचे, तोंड वर करून बसवायचे काचेचे दिवे घेणार असाल तर जूनमधली पहिली सर आठवा. पंखवाले किडे रात्रभर त्यात पडतात आणि सकाळी वाटी काळी. किडे पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे जास्त झेपावतात, त्यामुळे बाल्कनी आणि दाराबाहेर पिवळा दिवा लावला तर त्रास बराच कमी होतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहात असाल तर चकचकीत क्रोम मुलामा दिलेली लोखंडी बॉडी दोन पावसाळ्यांत गंजून फोड धरते. तिथे पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम किंवा चांगलं प्लास्टिक.

एक तक्रार निवडीची नाही, पण दर आठवड्याला येते. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहतो. लोक दिवा बदलतात, नवाही मिणमिणतो. तीन कारणं संभवतात. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित करंट दिव्याला पुरतो. साधं बटण बसवा, प्रश्न मिटला. दुसरं, वायरमनने बटणावर फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेऐवजी, परतीचा न्यूट्रल घेतलेला असतो. हे फक्त मिणमिणण्यावर भागत नाही. बटण बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो आणि दिवा बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. जाणकार माणसाकडून लगेच दुरुस्त करून घ्या, स्वतः टेस्टर घेऊन स्टुलावर चढू नका. तिसरं, लांबवर शेजारून जाणाऱ्या वायरींमुळे थोडा करंट उतरतो. त्यात धोका नाही, चांगल्या ड्रायव्हरचा दिवा घेतला की बहुधा थांबतं. आणि दिवा मंद करायला पंख्याचा रेग्युलेटर वापरणाऱ्यांनी कृपया मला फोन करू नये. डिमर हवा असेल तर दिवाही डिम होणाराच घ्यावा लागतो, तसं खोक्यावर लिहिलेलं असतं.

शेवटचं, आणि घाईच्या मंडळींना सगळ्यात महागात पडणारं. कन्सील्ड, म्हणजे छतात भोक पाडून आत बसवायचे, दिवे विकत घेऊन हातात आल्याशिवाय पीओपीला एकही भोक पाडू देऊ नका. "सहा इंची पॅनेल" प्रत्येक कंपनीचं वेगळ्या कटआउटचं, म्हणजे भोकाच्या मापाचं, असतं. भोक अर्ध्या सेंटीमीटरने मोठं झालं की स्प्रिंग धरत नाही आणि दिवा रात्री गादीवर येऊन पडतो. मी पहिलं भोक माझ्यासमोर पाडायला लावतो, दिवा बसवून ओढून बघतो आणि मगच बाकीची. खोक्यावर आयएस मानक आणि 'आर' ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक आहे का तेही तेव्हाच बघतो. प्रत्येक प्रकारचे दोन दिवे जास्तीचे घेऊन माळ्यावर टाकतो, कारण तीन वर्षांनी तेच मॉडेल मिळत नाही आणि दहा दिव्यांत एक वेगळ्या छटेचा दिवा कायम डोळ्यात खुपतो. खोकं फेकायच्या आधी त्यावरच्या कटआउटच्या मापाचा आणि केल्विनचा मोबाइलवर फोटो काढा.