फॅनझिन छापण्याआधी कोरी डमी घडवा

आवडत्या मालिकेचं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेली छोटी पुस्तिका, काढताय? मग मांडणीला हात लावण्याआधी कोऱ्या कागदांची डमी, म्हणजे नमुन्याची पुस्तिका, करा. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ आकाराची चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीतच ठेवा. १६ पानांसाठी चार कागद एकात एक घाला, पेन्सिलीने पानांना क्रमांक द्या आणि पुन्हा सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५ दिसतील. कागदाच्या एकाच बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७ यायला हवी. नाही आली तर क्रम चुकलाय. पान ८-९ एकाच कागदावर सलग येतं, तेव्हा तुमचं सर्वांत देखणं चित्र तिथेच द्या. घडीजवळ निदान एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर अक्षरं घडीत जातात.

मालिकेतली छायाचित्रं उचलण्यापेक्षा चाहत्यांनी काढलेली रेखाटनं घ्या, अर्थात त्यांना विचारून आणि नावानिशी. हक्कांचा प्रश्न तर आहेच, पण झेरॉक्समध्ये गडद फोटो काळेठिक्कर पडतात आणि शाईची ठसठशीत रेघ मात्र सुरेख उमटते.