मंडईत ‘रामराज्यवियोग’ बसवायचं असेल तर

दोनतीन गावच्या पोट्ट्यांनी विचारलं की भाऊ, तुम्ही मंडईत ते जुनं संगीत नाटक कसं काय बसवलं, आम्हालाही करायचं आहे. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या इकडं, धानाचा पट्टा, भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, आणि मंडईची रात्र म्हणजे नाटक, हे झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, कोणाला सांगायची गरज नाही. पण अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत रामराज्यवियोग’ म्हटलं की लोक विचारतात, हे कोणतं बाप्पा? ‘सौभद्र’ माहीत राहते, ‘शारदा’ माहीत राहते, हे 1884 चं नाटक मात्र कोणी काढतच नाही.

का काढत नाही त्याचं कारण साधं आहे, ते अर्धं आहे. अण्णासाहेबांचे तीन अंक लिहून झाले आणि 2 नोव्हेंबर 1885 ला ते गेले. वय फक्त 42. पण मला विचाराल तर गावासाठी याच्याइतकं सोयीचं जुनं नाटक दुसरं नाही. अयोध्या, रामाचा राज्याभिषेक, मंथरा, कैकेयी, हे तुमच्या गावातल्या सात वर्षांच्या पोरीला आणि सत्तर वर्षांच्या आजीला दोघींनाही तोंडपाठ आहे, त्यामुळे भाषा जुनी असली तरी कोणी हरवत नाही.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. ‘रामराज्यवियोग’च्या दोन वर्षं आधी आम्ही किर्लोस्करांचंच ‘सौभद्र’ केलं होतं. पदं फार आहेत, लोक बसणार नाहीत म्हणून आम्ही बारा पदं ठेवली, बाकी कापली, आणि मधल्या जागेत रेकॉर्ड डान्स घातला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर एक म्हातारे बाबा म्हणाले, पोट्टेहो, नाच चांगला झाला पण त्या सुभद्रेचं काय झालं ते समजलं नाही. मला ते लागलं. नंतर पुस्तक नीट वाचलं तेव्हा कळलं की किर्लोस्करांच्या नाटकात पद म्हणजे मध्ये थांबून म्हटलेलं गाणं नाहीच, ती बोलणीच आहेत, माणूस प्रश्न विचारतो गाऊन आणि समोरचा उत्तर देतो गाऊन, म्हणजे पद कापलं की गोष्टच कापली जाते. त्यांच्याच ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं आहेत ती काय हौसेनं घातली नव्हती. म्हणून पहिला नियम हाच, कापायचंच असेल तर गद्य संवाद थोडे कमी करा, पण पद काढायच्या आधी दहादा विचार करा.

आता वेळेचं. तालीम पोळ्याला सुरू करा. त्याच्या आधी धानाचं रोवणं चालू राहते, कोणी येत नाही, आलं तर कंबर धरून येते. पोळ्यापासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत बरोबर दोन महिने मिळतात, त्यात गणपती, नवरात्रात आठदहा दिवस वाया जाणारच, ते धरूनच चाला. पहिले पंधरा दिवस फक्त वाचन. उभं राहायचं नाही, हातवारे नाही, गोल बसून वाचायचं आणि प्रत्येक जुन्या शब्दाचा अर्थ विचारायचा, कारण नटाला शब्द समजला नाही तर प्रेक्षकाला कधीच समजत नाही.

पुस्तक कुठं मिळेल? दुकानात शोधू नका. तालुक्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, नागपूरला विदर्भ साहित्य संघात विचारा, इंटरनेटवर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन राहतात तिथंही पाहा. लेखक जाऊन 60 वर्षं झाली की आपल्याकडं हक्क संपतो, त्यामुळे किर्लोस्करांच्या शब्दांसाठी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. पण अलीकडच्या कोणी संगीतकारानं लावलेली नवी चाल किंवा रेकॉर्डिंग उचलू नका, त्याचा हक्क वेगळा राहतो. झेरॉक्स काढताना अक्षर मोठं करा, आमचा प्रॉम्प्टर साठीचा होता आणि विंगेत उजेड कमी.

सगळ्यात मोठी भीती चालींची राहते, इथं थोडं थांबून सांगतो कारण माझ्या मते अर्धी मंडळं इथंच हात टेकतात. आपल्याला वाटते नाट्यसंगीत म्हणजे शास्त्रीय, म्हणजे ताना, म्हणजे नागपूरहून गायक आणावा लागणार. तसं नाही. तो ताना-आलापांचा विस्तार पुढं वाढला, बालगंधर्व आणि गायक भास्करबुवा बखल्यांच्या काळात, 1916 च्या ‘स्वयंवर’च्या आसपास. किर्लोस्करांचं मूळ वळण कीर्तनाचं आणि घरगुती गाण्याचं आहे, साकी, दिंडी, अंजनीगीत, ओवी ही म्हणायची जुनी वृत्तं, आणि लावणीची चाल. पद दोनचार ओळींचं, म्हणायचं आणि पुढं जायचं. आणि साकी-दिंडी कोणाला येते? तुमच्या गावच्या भजनी मंडळाला.

आमच्याकडं काय झालं सांगतो. पेटीवाला आणि मी आठ दिवस एका दिंडीवर अडून होतो, ओळ तालात बसतच नव्हती. एका संध्याकाळी भजनी मंडळाचे बुवा ओट्यावर येऊन बसले, चष्मा नाकावर सरकवला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि एका हातानं मांडीवर मोजत वाचायला लागले. दिंडीच्या चरणात 19 मात्रा राहतात, नवावर थांबा, मग दहा. बुवांना मात्रा हा शब्द सांगावा लागला नाही, नवावर त्यांचा हात आपोआप थांबला, श्वास घेतला, आणि उरलेली ओळ सरळ खाली उतरली. आम्ही तो श्वासच घेत नव्हतो! दुसऱ्या दिवसापासून बुवा रोज तालमीला, आणि मुलींना सगळ्या साक्या त्यांनीच शिकवल्या. साकीच्या ओळीत सोळा आणि बारा अशा 28 मात्रा, ती तर त्यांना झोपेतही येत असेल. म्हणून सांगून राहिलो, संगीत दिग्दर्शक शोधायच्या आधी गावातला कीर्तनकार शोधा.

पात्रं वाटताना सगळे राम व्हायला पाहतात. तुम्ही मंथरा आधी ठरवा. किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत मंथरा भाऊराव कोल्हटकरांनी केली होती, तेच भाऊराव जे सुभद्रा करायचे, म्हणजे कंपनीचा सगळ्यात गोड गळा त्यांनी कुबडीच्या भूमिकेला दिला, यावरून समजून घ्या की त्या भूमिकेत किती जीव आहे. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे, आता तो प्रश्न नाही. आमच्याकडं बाहेरून कलाकार आणायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण या नाटकाला दोन महिने तालमीला बसणारी बाई पाहिजे, मंडईच्या दिवशी चार वाजता येऊन सहा वाजता मेकअपला बसणारी चालत नाही. आमची मंथरा गावातली अंगणवाडीची ताई झाली. तिला मी एकच गोष्ट सांगितली, वाकून चाला पण आवाज वाकवू नका, म्हातारीचा किरकिरा आवाज काढला तर पद मरते. कैकेयीचे कान भरायच्या प्रवेशात ती जवळजवळ कुजबुजत गायली आणि मंडपात माणूस खोकला नाही.

स्वराचं एक पक्कं करून घ्या. पुरुष आणि बाई एकाच प्रवेशात गात असतील तर पट्टीवरून भांडण होते. सोपा उपाय आहे, पुरुषाला काळी दोन द्या, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्याचा सा, आणि बाईला काळी चार. काळी दोनचा मध्यम, म्हणजे म, म्हणजेच काळी चार, त्यामुळे काळी चारला लावलेला एकच तबला दोघांनाही चालते, पेटीवाल्यानं फक्त सा बदलायचा. तबल्याची दुसरी गोष्ट म्हणजे दव. कार्तिकात रात्री अकरानंतर दव पडायला लागते, कातडं ओलावते आणि तबला उतरते. शेगडीत निखारे ठेवा, तबला लांबूनच शेका, आणि जमलं तर दुसरा तबला लावून तयार ठेवा.

वाद्यं कमी ठेवा. पेटी, तबला, झांज, जमलं तर सारंगी किंवा व्हायोलिन. ऑर्गन आणि पॅड वाजवणारा पोट्टा नेहमीसारखा ढॅण्णकन आवाज टाकायला पाहील, त्याला प्रेमानं समजवा की बाबू, इथं शब्द ऐकू आला पाहिजे. माइकचंही तेच, वरून लटकवलेले तीन माइक पुरतात, पण पेटीचा माइक बारीक ठेवा. तालमीच्या शेवटच्या दिवशी एक माणूस मंडपात सगळ्यात मागं उभा करा आणि त्याला पद ऐकून शब्द लिहायला सांगा. त्यानं लिहिलेलं आणि पुस्तक जुळलं नाही तर साऊंड पुन्हा लावा.

स्टेजचं जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येते. धान निघालेली बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, घ्या, तणीस म्हणजे धानाचा पेंढा पसरा, समोरचा भाग उताराचा ठेवा. पडदे वडस्याच्या नाटक कंपन्यांकडून आणा, राजवाडा आणि रस्ता असे दोन बास आहेत. ट्रिकसीन वगैरे नको. समोर दोन पिवळे दिवे खालून लावा, जुन्या कंपनीच्या काळी उजेड दिव्यांचाच होता आणि त्या उजेडात जरीचं लुगडं फार छान दिसते.

परवानग्या महिनाभर आधी. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागते, ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन. लाऊडस्पीकरचा नियम रात्री 10 पर्यंतचा आहे, सरकार वर्षात काही ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट देते, तुमची तारीख त्यात बसते का ते ठाण्यात आधीच विचारा. रात्रभराच्या नाटकाची सवय असलेल्या लोकांना हे जड जाते, पण तीन अंकांच्या नाटकाला हे उलट बरं आहे. साडेसातला नांदी सुरू करा आणि वेळ पाळा, लोक जेवून येतील म्हणून नऊपर्यंत थांबलात तर तिसरा अंक घाईत जाईल. आम्ही आदल्या दिवशी दवंडी दिली, जेवण आटपून सातला या, आलूबोंडा आणि चहा मंडपातच आहे. आले लोक.

आता शेवट, ज्याची सगळ्यांना चिंता राहते. तीन अंक झाले, पुढं काय? मंडळातल्या काही जणांचं म्हणणं होतं की आपण चौथा अंक लिहू, राम वनातून वापस येतो, राज्याभिषेक, गुलाल, फटाके. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणीन. ज्या माणसानं 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करून मराठी संगीत नाटकाची वाट पाडली, त्याच्या शेवटच्या पानापुढं आपण आपलं पान चिकटवू नये.

आम्ही असं केलं. तिसरा अंक संपला तेव्हा पडदा पाडला नाही. पात्रं जिथं होती तिथंच उभी राहिली, तबला थांबला, आणि नांदी म्हणणारा सूत्रधार पुन्हा पुढं आला, हातात तेच झेरॉक्सचं पुस्तक. त्यानं साध्या आवाजात सांगितलं की अण्णासाहेबांनी इथपर्यंत लिहिलं, याच्यापुढं ते लिहू शकले नाहीत. पुस्तक मिटून समईजवळ ठेवलं. मग बुवांनी खालून, प्रेक्षकांतूनच, टाळ धरला आणि रामनामाचा गजर सुरू केला, दुसऱ्या ओळीला बायका उठल्या, तिसऱ्याला सगळा मंडप. दशरथ झालेला आमचा पोस्टमन डोळे पुसत होता, मुकुट हातात घेऊन. गजर पाच मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि त्यात पेटी वाजवू नका, फक्त टाळ. समई विझवायची नाही, ती देवळात नेऊन ठेवायची, आणि लुगडी-मुकुट त्याच रात्री मोजून पेटीत भरायचे, कारण वडस्याचा माणूस सकाळी सहालाच गाडी घेऊन येते.